सावडीचं खाचर

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती एकाच जागी. घरांच्या मागं टेकाड आहे, टेकाडावर ऐनाचं एक जुनं झाड आहे आणि त्याच्याखाली चार माणसं बसतील एवढा सपाट खडक आहे. खडकाच्या उजव्या कडेला बसलं तर दोन दांड्या दिसतात, डाव्या कडेला बसलं तर एक. जावयाची खुशाली विचारायची असो, पोरांचा निकाल बघायचा असो, सगळी वाडी तिथंच चढून जाते. मी परदेशातली नोकरी त्या खडकाच्या उजव्या कडेला बसून शोधली. आयर्लंडमधल्या माझ्याबरोबरच्या बायकांना हे सांगितलं की त्या हसतात. त्यांना वाटतं, मी काहीतरी रचून सांगते आहे.

रचून सांगण्याइतका धीर माझ्याकडं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणते, दूध उतू जायला वेळ लागेल, पण हिला लागायचा नाही. या स्वभावानं माझं नुकसान केलं आणि भलंही केलं, दोन्ही सांगते.

जोयडा तालुक्यात, नंदिगड्डे पंचायतीतली आमची वाडी दहा-बारा घरांची. वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई आणि मी. आईनं भात पिकवून आणि वन खात्याच्या कामावर रोजानं जाऊन मला शिकवलं. बेळगावात तीन वर्षं नर्सिंग केलं आणि मग दांडेलीला एका खासगी दवाखान्यात लागले. तिथं बारा-बारा तासांची ड्यूटी असायची आणि डॉक्टरांपेक्षा मालकाचा मेहुणा जास्त हुकूम सोडायचा. एकदा त्याला मी सगळ्यांसमोर सुनावलं, त्यानंतर तिथं राहण्यात अर्थ उरला नाही. बरोबर शिकलेली एक मैत्रीण तोवर आयर्लंडला पोचली होती. तिनं कळवलं की इथं म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला माणसं हवी आहेत, इंग्रजीची परीक्षा दे आणि ऑनलाइन अर्ज करत राहा. मी दांडेलीची खोली सोडली आणि पुस्तकांची पिशवी घेऊन घरी आले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली, अशी दोन दिवस वाडीत चर्चा झाली. आईनं मात्र खिडकीजवळच्या पेटीवरची गोधड्यांची चळत उचलून आत नेली आणि म्हणाली, इथं पुस्तकं ठेव.

ऑनलाइन नोकरी शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. प्रत्येक फॉर्म पहिल्यापासून भरायचा. पत्त्यात घर नंबर मागतात. आमच्या घराला नंबर आहे तो पंचायतीच्या वहीत, घरावर नाही. मी कधी ‘फणसाजवळ’ लिहायचे, तर फॉर्म म्हणायचा, चुकीचा पत्ता. सर्टिफिकेटं स्कॅन करायला जोयड्याला झेरॉक्सच्या दुकानात जायचं. त्यासाठी सकाळची बस, ती चुकली तर जीप. दुकानदार स्कॅन करून द्यायचा आणि मी खडकावर येऊन चढवायला बसले की कळायचं, फाइल मोठी आहे. की पुन्हा जोयडा. तिसऱ्या खेपेला त्या माणसानं न सांगता फाइल लहान करून दिली, वर चहा सांगितला. नोकरी लागल्यावर पेढे तेवढे विसरू नका म्हणाला. मी विसरले नाही.

सगळ्यात अवघड होतं ते स्वतःबद्दल लिहिणं. ‘मी फार मेहनती आहे, मी सगळ्यांशी प्रेमानं वागते’ असं स्वतःच्या हातानं लिहायचं. आमच्याकडं स्वतःचं असं कौतुक करणाऱ्याला लोक लांबून नमस्कार करतात. पहिले वीसेक अर्ज मी खरं तेच लिहून पाठवले, की काम येतं, राग लवकर येतो. एकाचंही उत्तर आलं नाही. मैत्रिणीनं ते वाचून मला फोनवर शिव्या घातल्या. एक एजंटही भेटला, पंधरा दिवसांत व्हिसा देतो, आधी पैसे भरा म्हणणारा. तो गोड मराठीत बोलत होता, मग गोड हिंदीत बोलायला लागला. मी त्याला कन्नडमध्ये जे काय ऐकवलं ते इथं लिहिता यायचं नाही. तापट स्वभावानं भलं केलं म्हणते ते हे.

हे सगळं चाललं होतं आषाढात, ऐन लावणीच्या दिवसांत. आमच्याकडं लावणी मजूर लावून होत नाही, सावडीनं होते. आज आमच्या भाताच्या खाचरात वाडीतल्या सगळ्या घरची एकेक बाई येणार, उद्या दुसरीकडं जाणार, परवा तिसरीकडं. जी आपल्याकडं एक दिवस आली तिच्याकडं आपण एक दिवस जायचं. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. दिवसाला दिवसच द्यायचा. त्याच्या बदल्यात भात दिलं, कोंबडी दिली, असं चालत नाही. आजारपण असेल तर पुढच्या साली फेडायचं, पण फेडायचं. आमच्या घरी कामाला दोघीच. त्यामुळं निम्म्या घरी आईनं जायचं आणि निम्म्या घरी मी, हे ठरलेलं.

आणि मी खडकावर. कारण त्याच तीन आठवड्यांत इंग्रजीची परीक्षा होती, आणि इंटरव्ह्यूचा निरोप कुठल्याही दिवशी येईल अशी अवस्था होती. मी आईला म्हटलं, दुपारपर्यंत लावणी करते, मग वर जाते. हे बोलणं अंगणात चाललं होतं, ते खालच्या घरातल्या काकीनं ऐकलं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. नवरा गेलेला, एकुलता मुलगा रामनगरला दुकान घालून तिकडंच राहिलेला. ही एकटी आपली जमीन कसते. बोलायला अशी की सरळ बोलली तर आजारी आहे समजावं. माझ्यात तापटपणा आला तो हिच्या शेजारानं आला, असं आई सगळ्यांना सांगते. काकी अंगणात आली, कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, “आर्धा दिस हितं, आर्धा दिस तितं, असं केलंस तर दोन्ही कामं बोंबलतील. तू वर जा. तुज्या वाटणीचं म्या लावतो.”

काकी स्वतःबद्दल बोलताना ‘लावतो, जातो’ असंच म्हणते, आमच्या भागात बायका तशाच बोलतात. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मला ज्या ज्या घरी जायचं होतं त्या घरी त्या वर्षी काकी गेली. आधी आपला दिवस भरायचा आणि दुसऱ्या दिवशी माझा. साठीतली बाई, गुडघे दुखणारी. खडकावरून मला खाचरं दिसायची. वाकलेल्या बायकांच्या रांगेत काकीची डोक्यावरची निळी प्लॅस्टिकची खोळ ओळखू यायची, कारण तिला एका बाजूनं ठिगळ होतं. मी पुस्तकात डोकं घालायचे आणि पुन्हा वर बघायचे. लाज वाटायची, आणि लाज वाटली की अभ्यास जास्त व्हायचा.

इंटरव्ह्यूचा दिवस आला तेव्हा पाऊस धरून होता. खडकावर आईनं चार काठ्या रोवून ताडपत्री बांधून दिली. मी वर इस्त्रीचा ड्रेस घातला, खाली चिखलाचे पाय तसेच. फोन बिस्किटाच्या डब्यावर टेकवला. समोर दोन बायका आणि एक पुरुष. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग माझ्या डाव्या पोटरीवर जळू चढली. आमच्याकडं ही काही नवलाची गोष्ट नाही, चुना लावला की पडते. पण कॅमेऱ्यासमोर चुन्याची डबी कुठून काढणार? ती वर वर चढत गुडघ्याच्या मागं गेली आणि तिथं बसली. त्याच वेळी त्यांतल्या एका बाईनं विचारलं, ताणाच्या प्रसंगी तुम्ही शांत कशा राहता? मी हसून म्हणाले, सवय आहे. त्यांना ते उत्तर फार आवडलं, असं मला पुढं कळलं. फोन बंद झाल्यावर पाहिलं, सलवार रक्तानं भिजली होती.

आठ दिवसांनी पत्र आलं. मी खडकावरून ओरडत खाली आले. आई खाचरात होती, ती चिखलातच खाली बसली आणि रडली. काकी रोप लावत होती, ती थांबली नाही. एवढंच म्हणाली की आता तरी वरडू नको, बैल बुजतात.

व्हिसा आणि कागदपत्रं होईपर्यंत पुढचा मार्च उजाडला. जायच्या आधी मी दांडेलीला जाऊन काकीसाठी एक चांगली साडी आणली. पुढच्या आषाढात मी नसणार, तिचे दिवस फेडणार कधी, म्हणून. काकीनं साडी हातात घेतली, पदर उलगडून बघितला. मला वाटलं, आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी आमच्या ओट्यावर, होती तशी घडी घालून. मी तणतणत खाली गेले. काकी चुलीपुढं होती. वर न बघता म्हणाली, “म्या काय मजुरीला आल्तो व्हय? सावड हाय ती. हातानं घेटलीस, हातानंच फेडायची.” मी म्हटलं, काकी, मी सातासमुद्रापार चाललेय. ती म्हणाली, मग जा की, कोण अडवतंय, पण ही साडी घेऊन जा.

मला त्या वेळी राग आला. खरं सांगायचं तर इतका आला की निघताना तिच्या पाया पडले, पण नीट बोलले नाही. विमानात बसल्यावर त्याचं वाईट वाटायला लागलं आणि पुढं दोन वर्षं ते वाईट वाटणं गेलं नाही.

जिथं मी काम करते त्याला तिकडं नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडं नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणं, त्यामुळं आईनं मला जाताना बाळंतशेपेची पुडी बांधून दिली होती. तिथं गेल्यावर पाहिलं तर सगळ्यात लहान रहिवासी एकोणऐंशी वर्षांचा. ती बाळंतशेप मीच महिनाभर जेवणानंतर खाल्ली.

नव्या देशात जम बसवायला माणसं लागतात आणि मला ती मिळाली, हे मी देवाचे उपकार मानते. माझ्या जोडीला ड्यूटीवर एक पन्नाशीची बाई होती, तिथलीच. पहिल्याच आठवड्यात तिनं मला आपल्या मुलीचा जुना जाड कोट आणून दिला. बँकेत खातं उघडायला बरोबर आली. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हे कागदावर चित्र काढून फ्रिजवर चिकटवून गेली. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं नाही आणि माझं तिला. तरी आमचं कधी अडलं नाही. मग एकदा मला रहिवासी कार्डासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि नेमकी माझी ड्यूटी होती. ती म्हणाली, काळजी करू नको, तुझा दिवस मी करते.

तुझा दिवस मी करते, हे शब्द ऐकून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. इथंही सावड आहे म्हणायची! आणि इथंच मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुढच्या रविवारी तिची ड्यूटी होती, माझी सुट्टी. सकाळी साडेसातला मी युनिफॉर्म घालून हजर झाले आणि तिला सांगितलं, तू घरी जा, आजचा दिवस माझा. आमच्याकडं असंच करतात. विचारायला गेलं तर समोरची नको म्हणणार, म्हणून विचारायचं नाही, सरळ कामाला उभं राहायचं. ती पांढरीफटक पडली. तिला वाटलं, तिला कामावरून काढलं आणि तिच्या जागी मला घेतलं, आणि ते सांगायला मॅनेजरनं मलाच पाठवलं. कोट मीच घातला होता तिच्या मुलीचा. ती पर्स उचलून मॅनेजरच्या खोलीत गेली.

दहा मिनिटांनी मला बोलावणं आलं. मॅनेजरबाई उंच, आवाज कधी न चढवणारी, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. तिनं विचारलं, तुला आज कुणी बोलावलं? मी म्हटलं, कुणी नाही. पगार मिळणार नाही हे माहीत आहे? मी म्हटलं, पगार नकोच आहे. यावर ती आणखी गंभीर झाली. ठरल्याबाहेर असं काम करणं नियमात बसत नाही, कुणा म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर जबाबदार कोण, तुझे अजून प्रोबेशनचे सहा महिने संपलेले नाहीत, हे सगळं तिनं एका सुरात सांगितलं. मला फक्त एवढंच कळत होतं की नोकरी गेली तर परमिट गेलं आणि परमिट गेलं तर मी परत खडकावर.

तापट माणसाचं एक असतं, घाबरला की बोलतो. मी तिला सगळं सांगितलं. लावणी, वाडी, दिवसाला दिवस, काकी, परत आलेली साडी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाऊण तास. माझ्या जोडीदारणीला मध्येच बोलावून घेतलं, तिनंही ऐकलं. शेवटी ती बाई रडायला लागली आणि मला मिठी मारून म्हणाली, वेडी आहेस तू. मॅनेजरबाईनं कपाटातून एक छापील फॉर्म काढला. दोघींनी आपापसात दिवस बदलायचा असेल तर हा भरून आधी माझ्याकडं द्यायचा, म्हणाली. वर दोन नावं, खाली तारखा, त्याखाली कारणाचा रकाना. आणि म्हणाली, पुन्हा न सांगता आलीस तर मात्र खरंच परत पाठवीन. मी तो फॉर्म कपाळाला लावला. त्यांना त्याचाही अर्थ विचारावा लागला.

ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्या होममध्ये पसरली. एक म्हातारे रहिवासी होते, जन्मभर शेती केलेले, कुणाशी फारसे न बोलणारे. मी त्यांचे मोजे बदलत असताना ते म्हणाले, आमच्याकडंही होतं तुझ्यासारखं. मळणीचं यंत्र या घरून त्या घरी जायचं आणि सगळं गाव त्याच्या मागून. त्याला त्यांच्या जुन्या भाषेत शब्द होता, ‘मेहल’ असा काहीसा उच्चार. मग त्यांनी विचारलं, तुझ्या त्या काकीचे दिवस फेडलेस का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग इथं काय करते आहेस? आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. तेव्हापासून रोज मला बघितलं की त्यांचा तोच प्रश्न.

तिसऱ्या वर्षी वैशाखात आईचा व्हॉइस मेसेज आला. मेसेज करायला ती आठवड्यातून एकदा खडकावर चढते. तिनं भाताचं, म्हशीचं, फणसाचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली की काकीचा मुलगा तिला रामनगरला न्यायचं म्हणतोय, गुडघे आता साथ देत नाहीत, ही लावणी बहुतेक तिची शेवटची. पुढल्या साली तिची खाचरं पडून राहतील.

मी तो मेसेज तीनदा ऐकला. खाचरंच राहिली नाहीत तर मी सावड फेडणार कुठं? नुसता हिशेब चुकता करायचा म्हणून मला घाई नव्हती. मला त्या बाईसमोर मान वर करून उभं राहायचं होतं, निघताना नीट बोलले नव्हते ते पुसून टाकायचं होतं. मी मॅनेजरबाईकडं गेले आणि आषाढातली तीन आठवड्यांची रजा मागितली. तिकडं ते उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांनाच रजा हवी असते, ती नाहीच म्हणायची, अशी मनाची तयारी करून गेले होते. तिनं कारणाच्या रकान्यात वाचलं, ‘लावणी’. माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, त्याच काकीची? मी मान हलवली. तिनं सही केली. माझे दिवस चौघीजणींनी वाटून घेतले. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन भाताला फोडणी दिली आणि चौघींना डबे नेऊन दिले. त्यांनी ते घेतले, परत नाही केले, याचं मला थोडं नवल वाटलं.

निघायच्या चार दिवस आधी माझी जोडीदारीण पडली. हात मोडला. तिच्या जागी येणारी बाई मिळायला आठवडा लागणार होता. मला कुणी थांब म्हणालं नाही. मॅनेजरबाई तर म्हणाली, तू जा, आम्ही बघू. पण जिनं मला कोट दिला, बँकेत नेलं, तिचे दिवस उघडे टाकून मी दुसरीचे दिवस फेडायला जाणार? मी तिकीट पुढं ढकललं. या वेळी फॉर्म भरून. तिचा आठवडा मी केला आणि रोज मनात घरची खाचरं मोजत राहिले. आईनं कळवलं होतं, पाऊस वेळेवर झालाय, लावणी चालू झाली, काकीची परवा.

गोव्याला उतरले तेव्हा काकीची लावणी होऊन पाच दिवस झाले होते. घाटातली वाट पावसानं खराब झालेली, रामनगरला पोचायला संध्याकाळ झाली, तिथून जोयडा आणि मग जीपनं वाडी. वाटेत दोन्ही बाजूंना सगळी खाचरं लावून झालेली, हिरवी. मला कुणावर चिडावं तेही कळेना. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, जवळ घेतलं, पोटभर बघितलं. जेवायला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, उशीर झाला गं आई. आई म्हणाली, सकाळी काकीकडं जाऊन ये आधी.

सकाळी गेले. काकी ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. वाळली होती, पण डोळे तसेच. मी पाया पडले आणि या वेळी नीट बोलले. म्हटलं, काकी, तेव्हा मी रागानं गेले, चुकलं माझं. आणि आताही उशिरा आले. ती म्हणाली, तुझ्यावाचून लावणी अडती व्हय? आणि काठी घेऊन उठली. मला चल म्हणाली नाही, पण मी मागून गेले.

ओढ्याच्या अंगाला तिचं सगळ्यात खालचं खाचर आहे, लहानसं. सगळीकडं रोपं उभी आणि हे एकच मोकळं, चिखल करून, पाणी बांधून ठेवलेलं. कडेला तरव्याच्या, म्हणजे उपटून ठेवलेल्या रोपांच्या, जुड्या पाण्यात उभ्या केल्या होत्या. रोपांची टोकं पिवळी पडायला लागली होती. लावणीला जुनं झालेलं रोप, त्याला फुटवे कमी येणार, हे मला कळत होतं आणि काकीला तर माझ्यापेक्षा जास्त.

“ह्ये का ठेवलंस काकी?” मी विचारलं.

“तुजी सावड हाय. दुसरी कोण कशी लावंल?” ती म्हणाली. “येवडं लाव, मग फिटली म्हणंन.”

मी ओढणी कमरेला खोचली आणि उतरले. तीन वर्षांनी चिखलात पाय घातला. तासाभरात कमर बोलायला लागली. ओळ वाकडी जात होती आणि काकी बांधावर बसून प्रत्येक वाकड्या रोपाचा उद्धार करत होती. म्हाताऱ्यांचे मोजे बदलून बोटं मऊ झालीत, असं तिचं म्हणणं पडलं. मला राग येत नव्हता. मला इतकं बरं वाटत होतं की मधूनच डोळे भरून यायचे आणि हात चिखलाचे म्हणून पुसताही येत नव्हते. दुपारपर्यंत निम्मं खाचर झालं. पाठ ताठ करायला उभी राहिले तर शेजारी काकी. लुगडं खोचून उतरलेली, हातात जुडी.

मी म्हटलं, काकी, वर बस, ही माझी सावड आहे, तू लावलीस तर ती कशी फिटायची? तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या गुडघ्यांना सोसवत नव्हतं, दर चार रोपांना ती थांबत होती, पण ओळ दोरीत धरल्यासारखी सरळ जात होती. मी माझी ओळ तिच्या ओळीला लावून घेतली. तिनं एकदा विचारलं, तिकडं म्हातारी माणसं रडत्यात का? मी म्हटलं, कधी कधी. ती म्हणाली, मग काय करतीस? मी म्हटलं, जवळ बसते. ती बरं म्हणाली.

चारच्या सुमारास शेवटचं रोप लागलं. ओढ्यावर पाय धुताना मी विचारलं, “काकी, फिटली का आता?”

“आर्धी,” ती म्हणाली. “आर्धं म्या लावलंय न्हवं.”

“तुला कोण म्हणालं हुतं उतर म्हणून?”

“माजं श्यात हाय. ऱ्हायलेलं पुढल्या साली फेड.”

रामनगरचं मी तिला विचारलं नाही. तिला हात देऊन बांधावरून घरी सोडलं आणि ओल्या कपड्यांनीच टेकाडावर चढले. खडकाच्या उजव्या कडेला बसले, दोन दांड्या आल्या. पुढच्या आषाढातल्या रजेचा फॉर्म भरला आणि मॅनेजरबाईला पाठवून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, अर्धं खाचर राहिलं आहे.